दहा चपलांचं ब्रेंटफर्ड

नोव्हेंबर २०२२. शनिवारी प्रीमियर लीगमध्ये लंडनच्या ब्रेंटफर्डनं मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं होतं. सिटीवाला राजू रविवारी सकाळी आकाशी जर्सी न घालताच कट्ट्यावर आला, तेव्हाच निम्मी चर्चा मिटली होती. उरलेली निम्मी कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीवर ऊन चढेपर्यंत चालली.

"पाऊण मॅच बॉल आमच्याकडं हुता," बसायच्या आधीच त्यानं मोबाईल पुढं केला. "हे टक्के बघा. हे शॉट. ह्याला काय जिंकणं म्हणायचं? एक लांब लाथ आणि शेवटाला एक पळापळ. नशीब, दुसरं काय न्हाई."

"ऑगस्टात युनायटेडला चार घातले ते पण नशीबच का?" ब्रेंटफर्डवाला सुभ्या म्हणाला. त्याचा आवाज शनिवारी संध्याकाळीच बसला होता.

"ते स्वतःच्या घरात घातले. आणि युनायटेडला काय, कोण पण घालतंय."

"मला मध्ये वडू नको," युनायटेडवाला बारक्या म्हणाला. "मी चहा प्यायला आलोय."

आण्णा अजून गप्प होते. आण्णा म्हणजे पेठेच्या टीमचे जुने स्टॉपर, मागच्या फळीतला मधला बॅक. गुडघे गेले, नजर गेली नाही. मॅच बघताना ते बॉलच्या मागं जात नाहीत, बॉल नसलेल्या माणसांकडं बघत बसतात. त्यांनी राजूचा मोबाईल घेतला, लांब धरून टक्के वाचले आणि परत दिला.

"बॉल तुमच्याकडं हुता, कबूल. भाडेकरूकडं पण चावी असतीय, म्हणून घर त्याचं होतंय का?"

राजूला उत्तर सुचेपर्यंत आण्णांनी पुढचा हुकूम सोडला. "चपला काढा सगळ्यांनी."

आम्ही पाच जण, चपला दहा. कट्ट्यासमोरच्या फरशीवर त्यांनी त्या मांडल्या : मागं पाच, मध्ये तीन, पुढं दोन. गोली म्हणून बारक्याचं हेल्मेट. चहाचे रिकामे कागदी कप म्हणजे सिटी.

"माझ्या चपला ब्रेंटफर्डकडनं?" राजू.

"लोनवर घेतल्यात. डावा विंगबॅक, म्हंजे कडंचा बॅक, आणि त्याच्या शेजारचा स्टॉपर. जप, महागाच्या दिसत्यात."

मग आण्णा उकिडवे बसले आणि पुढच्या दोन चपला बोटानं दाखवल्या. "टोनी आणि एम्ब्यूमो. लोकांस्नी वाटतंय ही दोघं नुसती गोल मारायला उभी हाईत. बॉल सिटीकडं असताना ह्यांचं काम एकच, त्यांच्या मधल्या रॉड्रीला पाठीमागं झाकून ठेवायचं. समोर स्टॉपर बॉल घेऊन उभा ऱ्हायला तरी त्याच्या अंगावर जायचं न्हाई. गेलास की दोघांच्या मधनं पास रॉड्रीला, आणि रॉड्री तोंड करून वळला की मधली तिघं उघडी. दोघांत पाच-सहा पावलं, जास्त न्हाई."

"म्हणजे नुसतं उभं ऱ्हायचं?" राजू.

"नुसतं उभं ऱ्हाऊन बघ की एकदा ९० मिनिटं. दर पासला दोन पावलं हिकडं, दोन तिकडं. पळण्यापेक्षा दमवतंय ते."

मधल्या तिघांवर ते जास्त वेळ बोलले, कारण खरी मॅच तिथं झाली. ६८ मीटर रुंद मैदान तिघांना झाकता येत नाही, म्हणून झाकायचंच नाही. बॉल डावीकडं गेला की तिघंही डावीकडं सरकायचं आणि लांबचा उजवा कोपरा चक्क सोडून द्यायचा. तिथं बॉल पोचवायचा तर हवेतनं मारावा लागतो आणि तो हवेत असेपर्यंत दोन-अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात परत सरकायचं. मागच्या पाच आणि मधल्या तीन ह्यांच्यात १०-१२ मीटरच्या वर अंतर पडू द्यायचं नाही. पडलं की त्या पट्ट्यात सिटीचा डी ब्रूयने येऊन उभा राहतो.

"आणि पाच बॅक कशाला? चारनं का भागत न्हाई?" हे बारक्यानं विचारलं. तो शाळेच्या पोरांना शिकवतो, त्यामुळं चहा विसरून तो खाली बसला होता.

"सिटी हल्ल्याला पाच जण एका लाइनीत उभं करतंय. हे बघ, पाच कप. आता बॉल लाइनीवर गेला. विंगबॅकनं बाहेर जायचं." आण्णांनी राजूची चप्पल पुढं सरकवली. "मागं भोक पडलं. शेजारचा स्टॉपर सरकून ते भरणार, त्याच्या जागी मधला, मधल्याच्या जागी पलीकडचा. बाहेर एक गेला तरी आत चार उरले. चार बॅक असतील तर आत तीनच ऱ्हातात आणि कप पाच. मोज."

"आणि आमचा हालांड? औंदा लीगमध्ये १८ गोल हाईत त्याचे."

"आणि काल?"

राजूनं मोबाईल खिशात घातला.

"हालांडला धरायला जायचं नसतंय," आण्णा म्हणाले. "त्याला खांदा लावलास की तो तुला घेऊनच वळतोय. एक त्याच्या पुढं, एक मागं, आणि मागच्यानं अंग तिरकं ठेवायचं. छाती सरळ बॉलकडं केलीस तर माणूस दिसत न्हाई, माणसाकडं केलीस तर बॉल दिसत न्हाई. दोन्ही दिसलं पायजे. क्रॉस येऊ द्या बाहेरनं, लांबनं येऊ द्या. गोललाइनीजवळ जाऊन मागं वडलेला पास येऊ द्यायचा न्हाई."

मला हे मनापासून पटतं, आणि म्हणूनच आपल्या गॅलरीचं वाईट वाटतं. शाहू स्टेडियमवर एखादी टीम मागं थांबून खेळली की पंधराव्या मिनिटाला शिव्या सुरू. ड्रिबल करणाऱ्या फॉरवर्डच्या नावानं शिट्ट्या, आणि ८० मिनिटं जागा न सोडणारा हाफ घरी जाताना कुणाच्या लक्षातही नसतो. फुटबॉलवर इतका जीव टाकणाऱ्या गावानं बॉलशिवायचा खेळही तेवढ्याच मायेनं बघायला पाहिजे.

"पण पहिला गोल लाथाडूनच झाला," राजू परत उभा राहिला.

सुभ्या ह्याचीच वाट बघत होता, पण बोलले आण्णाच. "सोळावं मिनिट. फ्री किक मागं मिळालीय. त्यांचा गोली रायानं लांब मारली. सगळ्यांचं लक्ष टोनीवर, कारण हवेत बॉल म्हटला की टोनी. पण पहिल्या बॉलला गेला कोण? बेन मी. स्टॉपर. तो पुढं पळत येऊन उडालाय, सिटीचा लापोर्त मागं जात उडालाय. मागं जाणाऱ्याच्या उडीत कधी दम नसतोय. बेन मीनं हेड गोलकडं न्हाई मारला, टोनीच्या वाटेवर दिला. टोनीनं सिटीचा गोली एडरसनच्या वरनं कमान टाकली. ही लाथ हाय का? ह्यांनी फ्री किक-कॉर्नरसाठी वेगळा कोच ठेवलाय."

"आणि स्टॉपर वर गेला की मागं कोण?" बारक्या.

"विंगबॅक आणि एक हाफ थांबलेला असतोय. तुझी पोरं हितंच मार खात्यात. लांब थ्रो आला की सगळी डीमध्ये. थ्रोला ऑफसाईड नसतंय म्हणून पोरं गोलीच्या पुढ्यात गर्दी करत्यात, बरोबर हाय. पण बॉल बाहेर पडला की मधल्या लाइनीवर आपला एक पण माणूस न्हाई."

बारक्यानं मान डोलावली. गेल्या महिन्यात त्याच्या पोरांना असाच गोल बसला होता. आण्णांना ते कसं कळलं देव जाणे.

सिटीच्या फोडेनच्या गोलाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. पहिल्या हाफच्या जादा वेळेत कॉर्नरवरनं हाफ-व्हॉली. आण्णा एवढंच म्हणाले, की चांगला गोल होता आणि चांगल्या गोलाला औषध नाही. हे ऐकून राजू एवढा खूश झाला की त्यानं दुसरा चहा सांगितला. पैसे अर्थात सुभ्याच्या नावावर.

चहा येईपर्यंत विषय भरकटला. टोनीला वर्ल्ड कपला नेलं नाही, यादी गुरुवारी आली, शनिवारी त्यानं दोन घातले. सुभ्या इंग्लंडच्या कोचला, साउथगेटला जे बोलला ते छापता येत नाही. मग पैसा निघाला. सुभ्या म्हणाला, टोनी पीटरबरोहून आणला, तिसऱ्या लीगमधनं. बेन मी बर्नलीतनं फुकट आला. मालक बेनहॅम लहानपणापासून त्याच टीमचा समर्थक. उलट सिटीचा ग्रीलिश एकटा दहा कोटी पौंडांचा.

"आणि त्याच बेनहॅमच्या काळात पोरांची अकादमी बंद झाली, २०१६ ला," बारक्या तिरीमिरीनं म्हणाला. "हिशोबात बसत न्हाई म्हणून. ते पण सांग की."

ह्यावर सुभ्या अडखळला. त्यानं बी टीमचं काहीतरी सांगितलं, की मोठ्या अकादम्यांनी सोडलेली पोरं घेऊन तयार करतात वगैरे. बारक्याला पटलं नाही. मलाही नाही. पेठेतली टीम पेठेतल्या पोरांची, ह्यावर आपलं सगळं उभं आहे. बाहेरचे खेळाडू आता आपणही आणतो, पण तालमीच्या दारातलं पोर बंद करायचं म्हटलं तर गल्ली पेटेल.

"काय पण म्हणा," राजू, "घरात हारलो हे लागलंय. फेब्रुवारीत टॉटनमनं मारलं, त्यानंतर लीगमध्ये घरात एक पण हार नव्हती."

"घरात हुता म्हणूनच हारलास," आण्णा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"एक-एक हाय. ९० मिनिटं संपली. ब्रेंटफर्डला ड्रॉ चालतोय. सिटीला चालतोय का? पुढं आर्सेनल पळालंय. पन्नास हजार माणूस वरनं 'पुढं जा' म्हणून ओरडतंय. स्टॉपर पण पुढं, बॅक पण पुढं. मागं अर्धं मैदान मोकळं. परक्या गावात खेळणाऱ्याला ही शेवटची दहा मिनिटंच पायजे असत्यात, आणि ती त्याला घरच्या टीमची गॅलरी काढून देतीय. फक्त तोवर पायात पळायला जीव शिल्लक ठेवायचा. ब्रेंटफर्डचा दासिल्वा बदली आला हुता, ताजा. औंदापासनं पाच बदली मिळत्यात, त्याचा हा उपयोग. बॉल सुटला, दासिल्वा पळाला, आडवा दिला. टोनी ९८ व्या मिनिटाला पलीकडच्या खांबापाशी. सोळाव्या मिनिटाला गोल मारलेला माणूस ९८ व्याला तिथं पोचलाय, ह्याला नशीब म्हणणाऱ्यानं एकदा मैदानाला चार चकरा मारून दाखवाव्यात."

"आपल्याकडं हे नसतंय," मी म्हणालो. "सगळ्यांचं मैदान शाहू स्टेडियम. घर कुणाचंच न्हाई."

"गॅलरी असतीय की," सुभ्या. "पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची मॅच लागली की कळतंय कुठल्या बाजूला घर हाय ते."

"तुला गॅलरीचं काय माहीत?" बारक्या खदखदला. "तू त्या फायनलला ऑफसाईडसाठी हात वर करून उभा हुतास. फॉरवर्ड गोल मारून, नाचून, परत मधल्या लाइनीवर गेला तरी तुझा हात वरच."

"ऑफसाईड हुता तो!"

"तू एकटा चार पावलं मागं हुतास. तुझ्यामुळंच तो ऑनसाईड झाला," आण्णा. "मी बाकावर हुतो. मला अजून झोप लागत न्हाई."

सुभ्या दहा मिनिटं लाइनमनचा हिशोब मांडत बसला. ऐकलं कुणी नाही. बारक्यानं आण्णांना विचारलं, हे सरकणं पोरांना शिकवायचं कसं. आण्णांनी सांगितलं ते मी लिहून ठेवलंय. तीन हाफ शेजारी उभे करायचे, दोघा-दोघांत आठ मीटरची दोरी, हातात धरायला द्यायची. कमरेला बांधायची नाही, पोरं तोंडावर पडतात. समोर चार जण नुसते पास देत राहणार, हल्ला करायचा नाही. दोरी ताणली तर कोणीतरी मागं राहिलं, लोंबली तर कोणीतरी जवळ आलं. २० मिनिटं, आठवड्यातनं दोनदा. तिसऱ्या आठवड्यात दोरी काढायची आणि मागं पाच बॅक लावायचे. पोरं कंटाळणार, बॉल मागणार. द्यायचा नाही.

"आणि आयबाप तक्रार करायला आले की?"

"त्यांच्या पण हातात दोरी दे."

इतक्यात राजूचा फोन वाजला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. मटण आणायला म्हणून तो नऊला घरनं निघाला होता. राजूनं "आलोच, लाइन लई हुती" म्हणत घाईघाईनं आपल्या दोन्ही चपला पायात घातल्या. डावा विंगबॅक गेला, स्टॉपर गेला, फरशीवर डाव्या बाजूला ही मोकळी जागा पडली.

बारक्यानं संधी साधली. पायाच्या अंगठ्यानं कप असा ढकलला की तो त्या फटीतनं सरळ जाऊन त्याच्याच हेल्मेटवर आपटला आणि उरलेला चहा काचेवर उडाला.

"गोल!" राजू गाडीवरनं ओरडला. "बघितलंसा? आमची दोन माणसं काढली की तुमचा सगळा डिफेन्स झोपला!"

आण्णांना हसू आवरत नव्हतं. "मटण घेऊन परत ये लेका. सेकंड हाफ राहिलाय, आणि चहाचे पैसे पण."