समाजशास्त्राची सुरुवात व्याख्यांपासून नको

पदवीला समाजशास्त्र शिकवण्याचा आपला क्रम उलटा आहे. पहिल्या वर्षी ‘समाज म्हणजे काय, समुदाय म्हणजे काय, वैशिष्ट्ये स्पष्ट करा’. दुसऱ्या वर्षी विचारवंत, जन्मसालासकट. संशोधन पद्धती येते ती बऱ्याचदा शेवटच्या वर्षी. तोवर मुलांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं की सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी जड शब्दांत लिहायच्या, एवढाच हा विषय. मी हा विषय शिकवते आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. पद्धती पहिल्याच सत्रात यायला हवी. जरा सविस्तर लिहिते.

‘यात शिकण्यासारखं काय आहे, हे तर कुणीही सांगेल’ हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला कधी ना कधी ऐकावं लागतंच. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी 1949 मध्ये याला फार सुंदर उत्तर दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या मनोवृत्तीचा मोठा अभ्यास झाला होता. त्याचं परीक्षण लिहिताना त्यांनी आधी काही निष्कर्ष मांडले. जास्त शिकलेल्या सैनिकांमध्ये मानसिक ताणाची लक्षणं जास्त दिसली. ग्रामीण भागातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा जास्त उमेदीत होते. लढाई चालू असताना मायदेशी परतायची ओढ जास्त होती, जर्मनी शरण आल्यावर ती कमी झाली. वाचणारा प्रत्येक विधानाला मान डोलावतो. शिकलेला माणूस हळवा असणारच, खेड्यातल्याला कष्टाची सवय असणारच! मग लाझर्सफेल्ड सांगतात की प्रत्यक्षात आढळलं ते या प्रत्येक विधानाच्या नेमकं उलट. उलटी विधानं आधी सांगितली असती तरी आपण ‘त्यात काय नवीन’ असंच म्हटलं असतं. हे एकदा मुलांच्या लक्षात आलं की मोजायची गरज का पडते ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम घ्या. गाइडमध्ये तो चार प्रकारांत संपतो: आत्महत्येचे प्रकार, प्रत्येकाची दोन वाक्यं, पाच गुण. पण 1897 सालचा त्याचा आत्महत्येवरचा अभ्यास म्हणजे एक लांबलचक वाद आहे, आकडे समोर ठेवून घातलेला. त्यासाठी त्याचा भाचा मार्सेल मॉस याने आत्महत्यांच्या सुमारे 26,000 नोंदी वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुलं आहेत की नाहीत अशा एकेक करून वेगळ्या केल्या होत्या. दुर्खीम आधी इतर कारणं तपासतो. वेड? आनुवंशिकता? हवामान? आत्महत्या उन्हाळ्यात वाढतात, मग उष्णतेचा परिणाम म्हणायचा का? तो म्हणतो, नाही. दिवस मोठा होतो, लोकांचे व्यवहार आणि भेटीगाठी वाढतात, त्याच्याशी हा चढउतार जुळतो. हे पटो न पटो, पण एक कारण बाजूला सारून दुसरं कसं मांडायचं ते इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतं. मुलांना यातली वीस पानं वाचायला दिली तर ती भांडायला लागतात. भांडायलाच हवं.

कारण भांडण्यासारखं त्यात भरपूर आहे. प्रोटेस्टंट जास्त असलेल्या प्रांतांत आत्महत्येचं प्रमाण जास्त, असं दुर्खीम दाखवतो. पण एवढ्यावरून आत्महत्या करणारे प्रोटेस्टंटच होते असं म्हणता येईल का? आणि ज्या समाजात आत्महत्या हे पाप मानलं जातं तिथे घरचे ती अपघात म्हणून नोंदवत असतील, तर आकड्यांचं काय करायचं? यातल्या पहिल्या शंकेचं नेमकं स्वरूप समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त दिसत होती. पण व्यक्ती म्हणून पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षर जास्त होते. ते राहायला गेले होते मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत, म्हणून राज्यांचे आकडे तसे दिसत होते. गटाचा आकडा व्यक्तीच्या माथी मारायचा नाही. हे कळलेलं अठरा वर्षांचं मूल बातमीतला नकाशा वेगळ्या नजरेने बघतं, आणि माझ्या मते पदवीचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

नमुना निवडीचंही, म्हणजे कुणाकुणाला विचारायचं ते ठरवण्याचंही, तेच. शेवटच्या वर्षी प्रकल्प आला की मुलं गूगल फॉर्म बनवतात, आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि ‘आजच्या तरुणांना असं वाटतं’ असा निष्कर्ष लिहितात. दोष मुलांचा नाही, त्यांना वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याविरुद्ध लँडन निवडून येणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्या लोकांचे. शिवाय ज्यांनी उत्तर धाडलं ते न धाडणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. ही गोष्ट सांगायला एक तास पुरतो.

आणि निरीक्षण. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला मी रुग्णालयाच्या प्रतीक्षा कक्षात बसून टिपणं काढायला सांगितली होती. तिने लिहून आणलं, ‘लोक कंटाळलेले होते.’ मी विचारलं, कशावरून? तिने मला ‘मॅडम, दिसतंच की’ म्हटलं, पण ती परत गेली. दुसऱ्या खेपेची टिपणं अशी होती: नवीन आलेला माणूस ‘शेवटचे कोण?’ विचारतो आणि त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. मग पुढे जो येईल त्याला हात वर करून दाखवतो. रांग कुठेच नाही, तरी सगळ्यांना आपला नंबर माहीत आहे. म्हाताऱ्या रुग्णाला प्रश्न विचारला तर उत्तर सोबतचा मुलगा देतो. एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस सरळ खिडकीशी गेला, कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने एक बाई तशाच गेल्या, तर तीनजण एकदम ओरडले. बाईंच्या पायात चप्पल होती, पट्टा दोरीने बांधलेला.

त्या पट्ट्यापाशी मी थांबले. सामाजिक नियम, त्यांचं पालन, कुणाला ते मोडायची मुभा आणि कुणाला नाही, स्तरीकरण म्हणजे समाजातली उतरंड, सगळं त्या पानावर होतं. पुढच्या तासाला मी त्याच टिपणांवरून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल शिकवला. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना घरी जाऊन थोडा वेळ भाडेकरूसारखं परक्या अदबीने वागायला सांगितलं होतं. घरचे गोंधळले, चिडले, ‘तुला झालंय काय’ म्हणाले. वर्गाला तो लगेच कळला. नियम मोडल्यावर लोक कसे उसळतात ते त्यांनी आदल्या आठवड्यात वाचलेलं होतं.

सहकारी म्हणतात, सिद्धांताशिवाय मुलांना काय बघायचं तेच कळणार नाही. यात तथ्य आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस 1896 मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, दारोदार फिरला, तेव्हा त्याच्याकडे इतिहासाचं आणि अर्थशास्त्राचं भक्कम शिक्षण होतं. कृष्णवर्णीयांची गरिबी आणि गुन्हेगारी हा त्यांचा अंगभूत दोष नसून परिस्थितीचा परिणाम आहे हे तो मांडू शकला, ते त्यामुळेच. पण दारोदार फिरला नसता तर नुसत्या शिक्षणाने ते सिद्धही झालं नसतं. मी सिद्धांत काढून टाका म्हणत नाहीये. विचारवंत शिकवाच, फक्त मुलांकडे स्वतःचा एखादा प्रश्न असेल तेव्हा शिकवा.

अभ्यासमंडळापुढे मी हेच मांडणार आहे: पहिल्या सत्रात निरीक्षण आणि टिपणं, दुसऱ्यात प्रश्नावली आणि नमुना, आणि गुण लेखी परीक्षेइतकेच. अडचणी मला ठाऊक आहेत. शंभर-शंभर मुलांचा वर्ग, टिपणं तपासायला वेळ कुणाकडे आहे? मी गेल्या वर्षी मुलांना जोड्यांमध्ये एकमेकांची टिपणं तपासायला लावली, फक्त एकाच कसोटीवर: कुठे पाहिलेलं लिहिलंय आणि कुठे अंदाज. बऱ्यापैकी चाललं. मोठ्या वर्गात याहून चांगली रीत कुणी वापरली असेल तर मला जरूर कळवा, बैठकीआधी हवी आहे.