बाजार भरवणाऱ्याचा काय दोष? – ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

ऑनलाइन बाजारपेठांतल्या खोट्या विक्रेत्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “घरबसल्या कंपन्यांना शिव्या घालणं सोपं असतं. ५९९ रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळेल असं ज्यांना वाटतं ते हावरट, ते फसणारच. आठवडी बाजार भरवणाऱ्या ग्रामपंचायतीला तुम्ही खोट्या मापाबद्दल जबाबदार धरता का? आधी कायदा वाचा, ४८ तासांत तक्रार सोडवायची असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि खोटे परतावे करणाऱ्या ग्राहकांबद्दल अवाक्षर नाही.”

४८ तासांचं तुमचं बरोबर आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. लेखात मी दोन्ही एकत्र करून टाकलं होतं. वाक्य दुरुस्त केलं आहे. पण हेच तुम्ही “पोच आणि निवारण यांत गल्लत झाली आहे” एवढ्या शब्दांत सांगू शकला असतात. “आधी कायदा वाचा” कशासाठी? मी नऊ वर्षं लोकांच्या ग्राहक तक्रारींचे मसुदे लिहून देतो आहे. त्याआधी चार वर्षं दोन विक्रेत्यांच्या ऑनलाइन दुकानांचे हिशेब, कमिशनची बिलं आणि परत आलेल्या मालाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. ‘घरबसल्या’ हा शब्द मला लागू होत नाही.

आता ‘हावरट’. असा खोटा पेनड्राइव्ह घेऊन फसलेल्या, लेखातल्या निवृत्त शिक्षिकेने जे पान पाहिलं त्यावर ४,९९९ रुपये खोडून ५९९ लिहिलेलं होतं, चारच्या वर तारे होते आणि अभिप्राय हजारोंनी होते. ते अभिप्राय उघडून वाचले तर निम्म्याहून अधिक मोबाइलच्या कव्हरबद्दल होते. विक्रेता जुन्या, चांगल्या खपलेल्या वस्तूच्या पानाला नवी वस्तू ‘दुसरा प्रकार’ म्हणून जोडतो आणि जुने तारे नव्या मालाला चिकटतात. अभिप्राय गोळा करण्या-दाखवण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. ज्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पेनड्राइव्ह घेतला त्यांनी किंमत कशाशी ताडून बघायची होती?

आणि डोळे उघडे ठेवूनही हा माल ओळखता येत नाही. पेनड्राइव्हच्या आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये फेरफार करून संगणकाला २ टीबी, म्हणजे २,००० जीबी, सांगितलं जातं. जागा संपली तरी पेनड्राइव्ह ‘भरलं’ म्हणत नाही, जुन्यावरच पुन्हा लिहीत सुटतो किंवा नवीन माहिती सोडून देतो. फायलींची नावं आणि आकार यादीत नीट दिसतात, आतला मजकूर गेलेला असतो. पहिले काही फोटो व्यवस्थित उघडतात म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि बिघाड कळतो तेव्हा परताव्याचे सात-दहा दिवस उलटलेले असतात. खात्री करायची तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. रिकाम्या पेनड्राइव्हवर हे प्रोग्राम फायली लिहितात आणि परत वाचून ताडतात. सगळे २ टीबी तपासत बसू नका. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर नुसतं लिहायलाच पंचावन्न तास लागतात. फक्त १०० जीबी तपासा, लिहायला पावणेतीन तास पुरतात आणि ६४ जीबीचं सोंग तिथेच उघडं पडतं. वस्तू आल्याच्या दिवशीच हे करा. पण हे निवृत्त शिक्षिकेने करायचं आणि न केल्यास ती हावरट, हे मला मान्य नाही.

आता तुमचा आठवडी बाजार. खरं तर याच वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो.

ग्रामपंचायत पालाच्या जागेची पावती फाडते. मिरची विकली गेली की नाही, किती रुपयांना गेली, याच्याशी तिचा संबंध नसतो. गिऱ्हाइकाचे पैसे आधी ग्रामपंचायतीच्या पेटीत जात नाहीत. ऑनलाइन बाजारपेठेत ते जातात. तिथून कमिशन, पाठवणीचा खर्च आणि जाहिरातीचे पैसे कापून उरलेली रक्कम काही दिवसांनी विक्रेत्याला मिळते. जास्त पैसे देणाऱ्याचं पाल ग्रामपंचायत वेशीवर आणून ‘प्रायोजित’ म्हणून मांडत नाही. आणि खोट्या मापाचं म्हणाल, तर बाजारात वैधमापनाचा निरीक्षक येतो, तराजूवर शिक्का आहे का बघतो. मापात पाप सापडलं तर माणूस समोर उभा असतो, पुढच्या आठवड्यातही त्याच जागी असतो.

“विक्रेता कोण आहे आणि काय पाठवतो ते आम्हाला कसं कळणार” हा कंपन्यांचा बचाव तर हिशेब पाहिलेल्या माणसासमोर टिकतच नाही. जीएसटी कायद्याखाली बाजारपेठ विक्रेत्याच्या निव्वळ विक्रीवर कर गोळा करते. १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. त्यासाठी दर महिन्याला जीएसटीआर-८ हे विवरणपत्र भरताना विक्रेत्यागणिक आकडे द्यावे लागतात. आयकराची ०.१ टक्का कपात वेगळी. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. एका नावाने बंद झालेला विक्रेता दुसऱ्या राज्यातून नव्या नावाने आला तरी तिसऱ्या ते बाराव्या अक्षरांत तोच पॅन असतो. भाड्याने घेतलेल्या कागदपत्रांवर दुकानं उघडणारे यातून निसटतात, हे खरं. पण तोच पॅन घेऊन परत येणाऱ्यांना अडवायला काय लागतं?

वजनाचंही तेच. पार्सल कुरिअरच्या केंद्रावर वजनकाट्यावर जातं, पेटीची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, गुणाकाराला ५,००० ने भागून आकारमानाचं वजन किलोत काढलं जातं, आणि पार्सलने ५०० ग्रॅमचा टप्पा ओलांडला असेल तर फरक विक्रेत्याच्या पैशांतून वळता होतो. हे वजन-तफावतीचे वाद मी चार वर्षं हाताळले. आता २०,००० एमएएचचा पॉवरबँक घ्या. २,५०० एमएएचचे सेल धरले तर आठ लागतात, एकेक साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेल ३६० ग्रॅम. पेटीसकट १८० ग्रॅम भरणारं पार्सल २०,००० एमएएचचं असूच शकत नाही. पाठवणीच्या चार पैशांसाठी कंपन्या जो काटा वापरतात तोच इथे का वापरत नाहीत?

कायद्याचा आग्रह तुमचाच आहे, म्हणून ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएस २३४७ प्रमाणे आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यानंतरही ॲमेझॉनवरून ते चिन्ह नसलेले २,२६५ कुकर विकले गेले. त्यावर कंपनीला ६,१४,८२५ रुपये ४१ पैसे शुल्क मिळालं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एक लाख दंड केला, ग्राहकांना कळवून कुकर परत घ्यायला आणि पैसे द्यायला सांगितलं. प्रत्येक विक्रीतून कमाई करणाऱ्याला अडचण आल्यावर हात झटकता येणार नाहीत, असं आदेशात म्हटलं. फ्लिपकार्टवरही ५९८ कुकरांसाठी असाच आदेश झाला. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तो त्यांचा हक्क. पण ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे म्हणणं प्राधिकरणाने जसंच्या तसं स्वीकारलं नाही, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

ई-कॉमर्स नियमांत भोक आहे, ते मी लपवत नाही. ट्रेडमार्क, कॉपीराइट किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली काढलेला माल पुन्हा पुन्हा आणणाऱ्या विक्रेत्यांची नोंद बाजारपेठेने ठेवायची, असं नियम ५ सांगतो. त्यांना बंद करायची सक्ती मात्र करत नाही. माझा राग त्या भोकावर आहे. त्याला तुम्ही शिव्या म्हणता.

खोटे परतावे होतात. विक्रेत्यांचं त्यात नुकसान होतं. तो वेगळा विषय आहे.

ज्यांना खरंच उपयोग आहे त्यांच्यासाठी: बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका, नोंदणीची तारीख, पत्ता आणि ‘रद्द’ असल्यास तेही दिसतं. त्याची प्रत ठेवा. खोका फोडण्याआधी लेबलसकट सहाही बाजूंचे फोटो घ्या. खोका उघडतानाचा व्हिडिओ हवाच असं कायदा म्हणत नाही, पण असला तर बरं. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नियम ५ खाली लेखी मागा, तो द्यावाच लागतो. निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिना उलटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं.

त्या शिक्षिकेची तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आहे, महिना पुरा व्हायला अकरा दिवस उरले आहेत. आणि त्या इथल्या प्रतिक्रिया वाचतात. तेवढा ‘हावरट’ शब्द काढून टाका.