नोंद ठेवा, काम सापडू देऊ नका

कुडाळला किंवा रत्नागिरीला चार-सहा जणांची टीम आहे, आंब्याच्या पेट्या आणि मालवणचे होमस्टे बुक करायचं अ‍ॅप चाललंय आणि नुकतंच जिरा (टीमच्या कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) घेतलंय? अभिनंदन. आता लगेच कामाला लागू नका, आधी रचना करा.

सुरुवात एपिकपासून, म्हणजे अनेक कामं पोटात घेणाऱ्या मोठ्या कामापासून. त्याचं नाव 'सुधारणा' ठेवा. 'हापूस हंगामाचं पेटी बुकिंग' असं ठेवलंत तर मेअखेर कुणीतरी विचारणार, संपलं का? 'सुधारणा'ला असं कुणी विचारत नाही. एपिकखाली स्टोरी (त्यातलं एकेक काम), स्टोरीखाली सब-टास्क (त्या कामाचे तुकडे). बटणाचा रंग बदलायचा असला तरी सब-टास्क पाच हवेत. त्यातला एक उघडा ठेवून वरची स्टोरी 'पूर्ण'मध्ये ढकला. स्प्रिंट (ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा) बंद करायला गेलात की जिरा अडून बसतं आणि एक सकाळ सत्कारणी लागते.

मग लेबलं. लेबलात मोकळी जागा चालत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं. एकाने 'हापूस' लिहावं, दुसऱ्याने 'हापुस', तिसऱ्याने 'हापूस-पेटी', चौथ्याने 'आंबा_हापूस'. फिल्टर लावला की ज्याचं त्यालाच दिसतं. कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, ऱ्हस्व-दीर्घाला अजून मिळायचंय. चार ठरलेल्या नावांचे कंपोनंट (प्रकल्पाचे भाग) करून त्यातूनच निवडायला लावणं, हा दुष्टपणा करू नका.

बग (अ‍ॅपमधला बिघाड) लिहिणं ही खरी कला. शीर्षक: 'पेमेंट चालत नाही'. वर्णन: रिकामं. सोबत स्क्रीनचा अर्धा फोटो, एरर कापलेला, चार्जिंग किती टक्के ते मात्र स्पष्ट. फोन कोणता, अ‍ॅपची आवृत्ती कुठली, यूपीआय की कार्ड, खात्यातून पैसे गेले का, कितव्या पायरीवर अडलं, हे सगळं लिहायला तीन मिनिटं लागतात. न लिहिल्यास विचारपूस करण्यात दोन दिवस आरामात निघतात आणि शेवटी 'माझ्याकडे तर चालता' असं उत्तर येऊन बग बंद होतो. प्राधान्य अर्थात 'हायेस्ट'. सगळ्यांनाच. मीडियम आपोआप येतं, ते ठेवणं म्हणजे आपल्या कामाचा अपमान.

कामांच्या बोर्डावर 'चालू' रकान्याला तीन कामांची मर्यादा घाला आणि त्यात चौदा कामं टाका. जिरा अडवत नाही, रकाना फक्त रंग बदलतो. साहेबांना सांगा, टीम जोरात आहे. एखादं काम बँकेच्या उत्तरासाठी अडलं असेल तर कशासाठी आणि कुणाकडे, ते लिहू नका. लिंक जोडलीत तर लोक पाठपुरावा करतील.

काम संपलं की स्टेटस 'पूर्ण' करा, पण रिझोल्यूशन (काम कसं निकाली निघालं ती नोंद) भरू नका. वर्कफ्लोमध्ये (कामाच्या टप्प्यांच्या मांडणीत) ते आपोआप भरायची सोय करता येते, तिकडे फिरकूही नका. कामाचं कार्ड बोर्डाच्या शेवटच्या रकान्यात दिसेल आणि अहवालात तेच काम 'निकाली नाही' म्हणून येईल. बैठकीत दोन्ही बाजू बरोबर, कुणी कुणाला खोटं पाडू शकत नाही.

राहता राहिलं नियोजन. जून-जुलैत मासेमारी बंद असते, नौका वर ओढून ठेवतात. स्प्रिंटला ऋतू नसतो. मेमध्ये चाळीस पॉइंट (काम किती मोठं, त्याचा अंदाजी आकडा) झाले म्हणून चतुर्थीच्या पंधरवड्यातही चाळीसच घ्या. कोण किती दिवस घरी आहे ते विचारू नका. दीड दिवसाचा गणपती असलेला लवकर परततो, गौरी-गणपतीवाला विसर्जनानंतर, एकवीस दिवसांच्या घरचा तर पुढच्या स्प्रिंटमध्ये. ही विचारणा दोन मिनिटांची, पण केलीत तर पॉइंट अठरावर येतील आणि आलेख वाईट दिसेल. स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) मात्र रोज साडेदहालाच ठेवा. आरती चालू असेल तर ज्याचा माइक बंद करायचा राहिलाय, त्याच्याकडून सगळ्यांना प्रसाद.