हॉलमध्ये हजार वॉट

नवा, महागडा ॲम्प्लिफायर घ्यायचाय, पण घरातला जुना अजून नीट चालतोय, ही तुमच्यापुढची खरी अडचण. तो बिघडला असता तर प्रश्नच मिटला असता. पण इतकी वर्षं झाली, ना खरखर, ना गुणगुण. बटण दाबलं की गातो. अशा गुणी वस्तूला घराबाहेर काढायचं तर आधी तिच्यात खोट शोधावी लागते. तेव्हा कामाला लागा. रात्री जेवणं झाली की सोफ्यावर बसा, डोळे मिटा, मान किंचित तिरकी करा आणि थोड्या वेळानं सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटा, "आवाज मोकळा येत नाही." कुणी विचारलं "म्हंजे काय?" तर उत्तर देऊ नका, नुसतं हसा. आठवडाभरात घरच्यांना खात्री पटते की काहीतरी बिघडलंय. ॲम्प्लिफायर की तुम्ही, एवढंच ठरायचं राहतं.

दरम्यान भाषा सुधारून घ्या. गाणं 'गोड लागलं', 'अंगावर काटा आला' असलं आता बोलायचं नाही. 'मिड्स मागं पडलेत', 'साउंडस्टेज अरुंद आहे', 'हाय्जमध्ये हवा नाही' असं बोलायचं. या शब्दांना मोजमाप नाही, म्हणून त्यात कुणी तुम्हाला पकडू शकत नाही. मोजमाप आलं की पंचाईत. जुन्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुरात होणारी भेसळ, ०.०५ टक्के आणि नव्याचं ०.००५ टक्के, असं कागदावर दिसेल. स्पीकरचं स्वतःचं डिस्टॉर्शन या दोन्हींच्या कितीतरी वर असतं, खर्जात तर फारच. त्यामुळं तो फरक कानापर्यंत येतच नाही. पण कागदावर तो दहापट आहे ना? मग झालं तर. आपल्याकडं जमीनसुद्धा कागदावरच घेतात.

आता वॉट. याचं गणित सांगतो, पण ते बायकोच्या हाती लागू देऊ नका. नेहमीचा स्पीकर एका वॉटवर, एका मीटर अंतरावर ८६-८७ डेसिबल आवाज देतो. सोफ्यापर्यंत येताना त्यातला थोडा गळाला, तरी शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागेल इतका उरतो. म्हणजे रोजचं गाणं तुम्ही एखाद्या वॉटवरच ऐकता. तबल्याची थाप, सिनेमातला स्फोट यांना क्षणभर जास्त लागतात. त्यासाठी पन्नास-साठ वॉट गाठीला असले की हॉलमध्ये भागतं. बरं, शंभराचे दोनशे वॉट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. 'वाढला काय रे?' असं पोराला विचारावं लागेल इतपत. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट हवेत. यातून कुणी शहाणा 'मग आहे तेच ठीक आहे' असा निष्कर्ष काढेल. तुम्ही कोल्हापूरचे आहात. तुम्ही शंभरावरून थेट हजारावर जायचं.

या टप्प्यावर एखादा जुना जाणता तुम्हाला केसरबाईंची गोष्ट सांगायला बसेल. केसरबाई केरकर लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, पुढं शाहू महाराजांचे दरबारगायक अल्लादिया खाँ यांच्याकडं त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकड्यांवर घालून अवकाशात पाठवली. त्यातलं एक यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडं आहे आणि तिथून पृथ्वीशी बोलतंय ते साधारण २३ वॉटच्या ट्रान्समीटरवर. तुमचा सोफा अकरा फुटांवर आहे. हा माणूस घरी येणार असेल तर तुम्ही बाहेर जा. गाठलंच त्यानं, तर 'ते रेडिओ लहरींचं झालं हो, ध्वनीचं वेगळं' असं म्हणून चहा मागवा. मुद्दा बरोबरच आहे, आणि चहा येईपर्यंत तो टिकतो.

पैशाची सोय उसाचं बिल जमा झालं की आपोआप होते. नोकरदारांनी दिवाळीच्या बोनसवर डोळा ठेवावा. किंमत सांगायचं शास्त्र मात्र शिकून घ्या. हाय-एंडमध्ये मोनोब्लॉक नावाची सोय आहे, म्हणजे डाव्या स्पीकरला वेगळा ॲम्प्लिफायर, उजव्याला वेगळा. तांत्रिक फायदे असतील ते असोत; खरा फायदा हा की घरी एकाचीच किंमत सांगता येते. दुसरा आला की 'जोडीचाच असतो तो' एवढं बोलायचं. तरी बायकोचं ऐकावं लागतंच.

"मी काय म्हणतो, तेवढ्यात किचनचा ओटा नवा होतोय की!"

"ओट्याला वॉरंटी असते काय?"

"आणि जुन्याला काय झालंय?"

"मिड्स मागं पडलेत."

"मग जरा पुढं ओढून घ्या की. एवढ्यासाठी लाख-लाख रुपये?"

इथं वाद घालू नका. ओट्याचं कबूल करा. ओटा आणि ॲम्प्लिफायर असा दुहेरी खर्च हा या छंदाचा अलिखित नियम आहे.

डेमोसाठी पुण्या-मुंबईला जा. सकाळी निघा, वाटेत काही खाऊ नका. उपाशी पोटी कान तीक्ष्ण असतात असं तिथं कुणीतरी सांगणारच आहे, तेव्हा तयारीनं गेलेलं बरं. शोरूममधली ती खोली बघा. भिंतींना गाद्या, खाली जाड गालिचा, कोपऱ्यात खांबांसारखे फोम, खिडकी नाहीच. त्या खोलीत तुमचा जुना ॲम्प्लिफायरसुद्धा असाच गायला असता, पण तो न्यायचा नाही, ते बरं दिसत नाही. विक्रेता मृदू आवाजात आधी स्वस्तातला लावेल, मग महागातला. दुसऱ्या वेळी आवाज एखादा डेसिबल जास्त असेल. एवढासा वाढलेला आवाज 'मोठा' असा कळत नाही, तो 'चांगला' असा कळतो. कानाची ही खोड साऱ्या धंद्याला ठाऊक आहे. तुम्ही मात्र 'पडदा उठला!' असं म्हणायचं. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करा, असं म्हणणाऱ्या पुतण्याला सोबत नेऊ नये.

हाच पुतण्या पुढं डोळे बांधून ऐकायची पैजही काढतो, म्हणून सावध करतो. १९८७ साली अमेरिकेत 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं असा खेळ केला होता. स्वस्तातल्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या, काचेच्या व्हॉल्वांवर चालणाऱ्या जोडीपर्यंत ॲम्प्लिफायर मांडले, आवाजाची पातळी सारखी केली आणि कुठला वाजतोय ते न सांगता जाणकारांना ओळखायला लावलं. छापा-काटा करून जेवढं बरोबर आलं असतं, साधारण तेवढंच बरोबर आलं. यावर जगभरच्या शौकिनांचं ठरलेलं उत्तर आहे: परीक्षेच्या ताणानं कान बंद होतात. पाठ करून ठेवा. पोरांना मार्क कमी पडल्यावर हेच उत्तर आपण चालवून घेत नाही, पण ती गोष्ट वेगळी.

कुठला घ्यावा? ज्याच्या तोंडावर निळ्या प्रकाशाचे काटे हलतात तो. मॅकिन्टॉशचे ते निळे मीटर जगप्रसिद्ध आहेत. १९७४ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं मैदानात स्पीकरची भिंत उभी केली, ती याच कंपनीच्या ॲम्प्लिफायरांवर, २६ हजार वॉटच्या वर. हा आकडा आपल्या पेठेतल्या कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगून बघा. "बस्स एवढंच?" म्हणेल. काट्यांचा फायदा असा की पाहुण्यांना संगीत दिसतं. तोटा असा की खाली आकडे लिहिलेले असतात आणि काटा तीन वॉटपाशी घुटमळत असतो. पाहुणे लांब बसवा.

शौक त्याहून उंच असेल तर क्लास ए जातीचा ॲम्प्लिफायर घ्या. तो गाणं असो नसो, सारखीच वीज ओढतो. ३० वॉट देणारा ॲम्प्लिफायर काहीही न वाजवता दीडशेच्या वर वॉट खातो आणि त्याची ऊब करून बाहेर टाकतो. एप्रिलमध्ये एसी लावावा लागेल, एसीचा घरघराट होईल, त्यावर मात करायला आवाज वाढवावा लागेल. वजन ४० ते ५० किलो. उचलायला खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी ओळखीचा असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण टेम्पोवाला दारात उतरवून देतो, जिन्याचं तो बोललेला नसतो.

आता हॉल. बारा बाय चौदा, खाली चकचकीत फरशी, समोर काचेचं शोकेस, मागं स्लायडिंगची खिडकी, वर पीओपी. टाळी वाजवली तर टण्ण करून परत येते. स्पीकरमधून निघालेला सूर तुमच्या कानापर्यंत एकदा थेट येतो आणि फरशी, काच, भिंत, छत अशी ओळखपाळख करत आणखी चार वेळा येतो. तुम्ही ऐकता ती बेरीज. शिवाय चौदा फुटांच्या खोलीचा स्वतःचा असा एक सूर असतो, साधारण ४० हर्ट्झचा. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, त्या सुरावर आला की खोलीच त्याच्याबरोबर गायला लागते. आमच्या ओळखीच्या एका हॉलमध्ये सिनेमातलं हेलिकॉप्टर आलं की माळ्यावरचा पितळी हंडा आणि त्यावरचं झाकण एकमेकांशी बोलायला लागतात. हेलिकॉप्टर गेलं तरी त्यांचं संपत नाही. इलाज साधा आहे. जाड सतरंजी, दुपदरी पडदे, मोकळ्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढं. सगळं मिळून खर्च तुमच्या वायरीपेक्षा कमी. आणि हेच कारण आहे हे न करण्याचं. सतरंजी दाखवायला कुणी पाहुणे बोलावतं काय?

वायरीचं तर विचारूच नका. हाताच्या अंगठ्याएवढी जाड, जाळीदार वेष्टणाची, बाण काढलेली घ्या. करंट दर सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट जातो, बाण मात्र एकाच दिशेला असतो; त्याचा मान ठेवून जोडा. महिनाभर ती 'रुळू' द्या. महिनाभरात वायर तशीच राहते, कान रुळतात, पण फरक पडला हे खरं. खोलीचं अर्थिंग एखाद्या चांगल्या वायरमनकडून तपासून घेतलं तर गुणगुण खरोखरच जाते आणि काम थोडक्या पैशात होतं. म्हणून कुणी करत नाही.

स्पीकर कुठं बसवायचे हे तुमच्या हातात नाही, हेही लक्षात घ्या. डावा स्पीकर देव्हाऱ्याच्या दिशेला आला म्हणून उजवीकडं सरकेल. उजव्यावर मनी प्लांट येईल. छतातून आवाज देणाऱ्या डॉल्बी ॲटमॉससाठी पीओपीला चार भोकं पाडायची म्हटल्यावर आई विचारतील, "डॉल्बी लावणार घरात? आणि पोलीस आले म्हंजे?" गणपतीतल्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो, त्यामुळं त्यांची भीती रास्त आहे. तुम्ही त्यांना नियम समजावून सांगा: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. सांगता सांगता तुमच्या लक्षात येईल की फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच असते रात्री साडेबाराला आणि ४५ डेसिबल म्हणजे स्वयंपाकघरातला फ्रिज. पेठेत मात्र काळजी नको. तिथं मॅचच्या रात्री शेजारी तक्रार करत नाहीत, जेवणासकट येऊन बसतात.

उद्घाटनाला चौघांना बोलवाच. त्यांना गाणं ऐकवू नका. काच फुटणं, पाऊस पडणं, विमान डोक्यावरून जाणं, गोळी मागून येणं हे ऐकवा. गाणं लावलंत तर एखादा त्यात रमेल आणि ॲम्प्लिफायरकडं पाहायचं विसरेल. एक जण विचारेल, "ह्यात एफेम लागतं काय?" दुसरा मोबाईल काढून "माझं ब्लूटूथ जोड, एक लई भारी गाणं हाय" म्हणेल आणि व्हॉट्सॲपवर आलेली, दहा वेळा फॉरवर्ड झालेली क्लिप तुमच्या लाखमोलाच्या जोडीवर वाजेल. ऐका. मान डोलवा. तांबडा-पांढरा गरम असेपर्यंत जेवायला बसवा. चौघांनाही खरं त्याचंच पडलेलं असतं.

पाहुणे गेल्यावर घर पुन्हा आपल्या लयीला येतं. संध्याकाळी सात वाजता मालिका लागते आणि ती टीव्हीच्याच स्पीकरवर लागते, कारण मोठ्या सिस्टीमवर पार्श्वसंगीत गर्जतं आणि सासू काय बोलली ते कळत नाही. संवाद सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, तो सगळ्यात हलका घेतला होता. बजेट मोनोब्लॉकमध्ये गेलं. सेटिंगमध्ये सेंटरचा आवाज तीन-चार डेसिबल वाढवला की काम होतं, पण ते करायचं कसं, हे घरात एकालाच माहीत असतं. आधी टीव्हीचा रिमोट, मग रिसीव्हरचा, मग इनपुट बदलायचं, मग मोनोब्लॉक हातानं सुरू करायचे, डावा आधी. हे सगळं तुमच्या धाकट्याला तोंडपाठ आहे. तुम्हाला नाही. आणि तो यंदा बारावीला आहे, पुण्याला जायचं म्हणतोय. त्याला समजावा. शिवाजी विद्यापीठ काही वाईट नाही, आणि घरापासून जवळ पडतं.