मावशी, ते ‘अलाऊ’ दाबू नकोस: एक्स्टेंशनच्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री मावशीचा फोन आला. “अगं, ब्राउझर सुरक्षित करायचा मेसेज आलाय. चार एक्स्टेंशन टाकली, पाचवं परवानगी मागतंय. अलाऊ करू ना?” मावशी तिच्या सोसायटीची खजिनदार आहे आणि सोसायटीचं नेट बँकिंग याच लॅपटॉपवर चालतं. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. मी तिला आधी हात थांबवायला सांगितलं, मग तो मेसेज मागवून वाचला. त्यात म्हटलंय ते असं: क्रोमच्या स्टोअरमधलं प्रत्येक एक्स्टेंशन गूगलने तपासलेलं असतं, म्हणून सुरक्षित. लाखो लोक वापरतात ते डोळे झाकून घ्या. परवानगी ही औपचारिकता, अलाऊ दाबा. पैशांची काळजी नको, ओटीपी आहे. आणि इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, कोणालाच काही दिसत नाही.

गूगल तपासतं, हे खरं आहे. पण त्या तपासणीतून काय सुटू शकतं ते बघा. सायबरहेवन ही डेटा-सुरक्षेचंच काम करणारी कंपनी. 24 डिसेंबर 2024 ला तिच्या एका कर्मचाऱ्याला मेल आला: तुमचं एक्स्टेंशन नियम मोडतंय, स्टोअरमधून काढलं जाईल. मेल गूगलकडून आल्यासारखा दिसत होता, पण खोटा होता. त्याने लिंक उघडून एका ॲपला परवानगी दिली. त्याच्या खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, होती, तरी ती आडवी आली नाही, कारण ॲपला परवानगी देताना तिची विचारणाच झाली नाही. चोरांनी त्या परवानगीच्या जोरावर एक्स्टेंशनची विषारी आवृत्ती स्टोअरमध्ये चढवली. ती गूगलच्या तपासणीतून पास झाली आणि नाताळच्या दिवशी लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप अपडेट होऊन पोचू लागली. वापरणारे सुमारे चार लाख. हल्ला कसा झाला ते कंपनीने स्वतःच जाहीर केलं आहे. ज्यांच्याकडे ती आवृत्ती पोचली, त्यांनी त्या दिवशी काहीही नवीन टाकलं नव्हतं, कुठलंही बटण दाबलं नव्हतं.

‘लाखो लोक वापरतात’ यावर जास्त लिहीत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेंशन वीस लाखांवर लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ निर्मात्याने ते विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनेच ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून काढून टाकलं. मालक बदलला तरी जुने स्टार आणि जुनी शाबासकी तशीच राहते.

आता परवानगी. मला सगळ्यात संताप आला तो ‘परवानगी ही औपचारिकता’ या वाक्याचा. मावशीच्या स्क्रीनवर लिहिलं होतं: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. यात लपवलेलं काहीच नाही, जे लिहिलंय तेच होतं. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड ते एक्स्टेंशन वाचू शकतं, मेल वाचू शकतं, समोर दिसणाऱ्या पानावरचा मजकूर बदलू शकतं. लाभार्थीचा खाते क्रमांक स्क्रीनवर एक आणि प्रत्यक्षात जाणारा दुसरा, असंही करता येतं. मग ओटीपी कोण टाकतं? तुम्हीच, स्वतःच्या हाताने. ज्या पानात तुम्ही ओटीपी भरता, ते पानच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ओटीपी वाचवणार कोणाला?

शिवाय लॉगिन झाल्यावर वेबसाइट ब्राउझरला एक खूण देते, कुकी. ती खूण चोरली की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. बँका काही मिनिटांत लॉगआउट करतात, तेवढा दिलासा आहे. पण मेल महिनोन् महिने उघडाच असतो, आणि बहुतेक खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात.

इन्कॉग्निटोत क्रोम एक्स्टेंशन आपणहून चालू ठेवत नाही, एवढं मान्य करते. पण सेटिंगमध्ये कधी परवानगी दिली असेल तर ते तिथेही चालतं. आणि ‘कोणालाच दिसत नाही’ हे तसंही खोटं आहे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठे जाता ते कळतंच.

मेसेजच्या यादीत एक जाहिरात-रोधक, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, होता. त्याबद्दल मात्र मला तक्रार करता येत नाही. खोट्या जाहिरातींपासून बचाव म्हणून अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर 2022 मध्ये जाहिरात-रोधक वापरायचा सल्ला दिला होता. पण त्यालाही सगळी पानं वाचायची परवानगी लागते, म्हणून तो एकच ठेवायचा, नीट पारखून.

काल मावशीकडे जाऊन बसले. कोड्याच्या तुकड्याच्या चिन्हातून ‘मॅनेज एक्स्टेंशन्स’ उघडलं, तर अकरा निघाली. त्यातली सहा कधी टाकली ते तिला आठवेना. दहा काढली. बँकेसाठी क्रोममध्ये वेगळी प्रोफाइल करून दिली, तिच्यात एकही एक्स्टेंशन नाही. नुसतं काढून भागत नाही, चोरलेली कुकी बाहेर चालूच राहू शकते. म्हणून मेल सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट केला आणि मगच पासवर्ड बदलले.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी तो गुपचूप डिलीट करू नये. त्याच ग्रुपवर ‘हे चुकीचं आहे’ असं लिहावं. ज्यांनी आधीच अलाऊ दाबलंय त्यांना ते कळायला हवं, आणि मावशीच्या ग्रुपवर अशा निदान तिघी आहेत.