केटी, लाज आणि अभ्यासिका

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात मी बारा वर्षं शिकवते आहे. पुण्यातला माझा धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला शिकवतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं, तेव्हापासून फोनवर आमचा एकच वाद चालतो. तो म्हणतो, "ताई, तुमच्याकडचं हे एडीएचडी आता इकडे येणार. उद्या प्रत्येकाला परीक्षेत जादा वेळ हवा असेल." एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जाणारी मेंदूच्या वाढीतली अवस्था. साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाची ही काळजी खरी आहे. तरीही त्याचं चुकतंय असं मला वाटतं.

एडीएचडी असलेला सांगलीकडचा एक मुलगा माझ्याकडे एम.एस्सी.ला होता. बारावीपर्यंत आई पहाटे उठवायची, क्लासचे सर रोज पेपर सोडवून घ्यायचे, गुण उत्तम. मग तिकडेच हॉस्टेलवर गेला आणि पहिल्याच वर्षी तीन विषयांत केटी. विषय समजत होता, पण सबमिशनच्या आदल्या रात्री तो कोरी जर्नल्स पुढ्यात घेऊन बसून राहायचा. घरी एकच शब्द ऐकला: आळशी. इथे आल्यावर मी त्याला ईमेल केला, "निबंध अजून मिळाला नाही." एवढंच. पुढे पंधरा दिवस त्याने माझा एकही ईमेल उघडला नाही, लेक्चरला आला नाही. शेवटी आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा यायचा."

भावाला मला हेच सांगायचं असतं. एडीएचडीच्या निदानासाठी जी १८ लक्षणं मोजतात ती लक्ष, चंचलता आणि उतावळेपणा यांची आहेत. भावनांचा त्यांत उल्लेख नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांचं वर्ष बहुतेक वेळा बुडतं ते लाजेपायी. काम राहतं, लाज वाटते, लाजेपोटी टाळाटाळ होते, टाळल्यामुळे आणखी काम राहतं. मग लहानसा शेराही घाव घालतो. जादा वेळ मिळाल्याने ही साखळी तुटत नाही, कारण मूल परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१० च्या समानता कायद्यामुळे विद्यापीठाला वाजवी सोय करावीच लागते, हे फार मोलाचं आहे. पण सरकारी आरोग्यसेवेत तपासणीसाठी अनेक ठिकाणी कित्येक वर्षं थांबावं लागतं, २०२३ मध्ये तर औषधांचाच तुटवडा पडला. अपंग विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी भत्ता परदेशी मुलांना मिळत नाही. सांगलीच्या त्या मुलाकडे शिफारशींचा कागद आला, पण त्याच्या खोलीचं दार ठोठावणारं कोणी नव्हतं.

दर बुधवारी दुपारी मी पाच-सहा मुलांना एका खोलीत नुसतं बसवते. प्रत्येकाने आपापलं काम करायचं, बोलायचं नाही. कुणी शेजारी बसलं की यांना सुरुवात करणं सोपं जातं. इथे याला वेगळं नाव आहे, पण मला ती सदाशिव पेठेतली अभ्यासिकाच वाटते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आपल्याकडे ही सोय गल्लोगल्ली आहे. कॉलेजच्या वेळापत्रकात तिला जागा का नाही?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नावाने नाही. ते नाव यायलाच हवं. तोवर भावाला मी दोनच गोष्टी मागितल्यात. जर्नल एकदम न मागता दर आठवड्याला दोन प्रयोग तपासायचे. आणि सबमिशन चुकलेल्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं करायचं नाही, केबिनमध्ये बोलवायचं. पहिली त्याने या सत्रात एका बॅचला लागू केली आहे. दुसरीवर तो अजून माझ्याशी भांडतो आहे.