मीटरला मोकळी हवा

मुंबईत माणसाला पुरेशी हवा मिळते की नाही, याची चौकशी करायला कोणी दारात येत नाही. गॅसच्या मीटरला ती मिळते की नाही, हे पाहायला मात्र गणवेशातला माणूस बॅटरी घेऊन येतो. परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा सामाईक गॅलरीतला वारा गेला आणि त्याच्या मोबदल्यात, डक्टमध्ये उघडणारी व शेजारच्या बिऱ्हाडाची फोडणी थेट आपल्या नाकात पोहोचवणारी स्वयंपाकघराची खिडकी मिळाली. तिच्याशेजारी, नेमका नजरेच्या उंचीवर, पाइप गॅसचा मीटर बसला.

मॉड्युलर किचन करणाऱ्या गृहस्थांना तो दृष्टीस पडणेही सोसवेना. त्यांनी त्याच्याभोवती प्लायवूडचा खोका केला, त्यावर पांढरा चकचकीत सनमायका चढवला, उरलेल्या फटी सिलिकॉनने बुजवल्या आणि "वहिनी, आता आत शिरायची झुरळाचीही प्राज्ञा नाही," असे आमच्या सौभाग्यवतींना सांगितले. झुरळाचे नाव ऐकताच त्यांनी बाकीची रक्कम तत्काळ चुकती केली.

पुढे तपासणीला आलेल्या तरुणाने शटर उघडले, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत याची खात्री केली आणि शांतपणे म्हणाला, "काका, मीटर झाकलात तर चालेल, कोंडलात तर नाही." पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळती झाली तर वर चढतो, उलट सिलिंडरमधला वायू जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते, आणि एवढ्याशा बंद खोक्यात ते प्रमाण गाठायला फार मोठी गळती लागत नाही. शिवाय या मूळच्या गंधहीन वायूत, गळती कळावी म्हणूनच, उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो वास सनमायक्याच्या आत सुरक्षित ठेवून उपयोग काय? सबब खोक्याला वरही जाळी हवी आणि खालीही, म्हणजे हवा खालून शिरेल आणि वरून निघून जाईल.

यावर किचनवाल्या गृहस्थांनी फक्त खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाहीत अशी, चार भोके पाडून दिली. वर भोके पाडली तर 'लूक' जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मिथेनला लूकची पर्वा नसते, हे त्यांना पटवण्यात माझी संध्याकाळ गेली. सौभाग्यवतींची हरकत वेगळीच होती. "अहो, त्या मीटरला वरून-खालून वारा, आणि मी पोळ्या लाटताना घामाने निथळते, त्याचं काय?" हा प्रश्न मला बिनतोड वाटला, परंतु तपासणीच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

अखेर वर आणि खाली स्टीलची बारीक जाळी बसली. तिच्यातून हवा जाते, झुरळ जात नाही. तपासनिसाने शेरा बदलला. किचनवाले गृहस्थ आता आमच्याच मजल्यावर 'गॅसवाल्यांना चालणारे खास शटर' म्हणून तीच जाळी जादा दराने लावतात आणि नमुना पाहायला गिऱ्हाइकांना आमच्या घरी पाठवतात.